आभाळ सांभाळायचं की जमीन?

संध्याकाळचा फोटो काढला की बहुतेकांची एकच तक्रार असते: आभाळ छान आलं तर जमीन काळी, आणि जमीन दिसली तर आभाळ पांढरंफटक. डोळ्यांना तर दोन्ही दिसत होतं! दोष मोबाइलचा नाही. आपला डोळा ढगांवरून शेताकडे वळताना दर वेळी स्वतःला जुळवून घेतो. कॅमेऱ्याच्या साध्या एका फोटोला मात्र एकच एक्स्पोजर मिळतं. प्रकाशाचा फरक 'स्टॉप'मध्ये मोजतात. एक स्टॉप म्हणजे दुप्पट. आभाळ जमिनीपेक्षा तीन स्टॉप उजळ असेल, तर ते आठपट उजळ असतं.

ही अडचण जुनीच आहे. १८५७ च्या सुमारास गुस्ताव ल ग्रे हा फ्रेंच छायाचित्रकार समुद्राचे फोटो काढत होता. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्ह निळ्या प्रकाशाला फार लवकर प्रतिसाद देत, त्यामुळे आभाळ कोरं यायचं. त्यानं काही चित्रांसाठी आभाळाची एक आणि समुद्राची एक अशा दोन निगेटिव्ह वापरल्या आणि क्षितिजाच्या रेषेवर जोडून एकच प्रिंट काढली.

आजचं 'ब्रॅकेटिंग' म्हणजे हीच युक्ती. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एक फोटो नेहमीचा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त असे काढायचे आणि नंतर संगणकावर एकत्र करायचे. वरून गडद, खाली स्वच्छ असा फिल्टरही मिळतो. मिरामारच्या किनाऱ्यावर, सरळ क्षितिजासमोर तो उत्तम चालतो. पण माड क्षितिजाच्या वर गेले की त्यांचे शेंडेही काळवंडतात. यातलं काहीच जवळ नसेल, तर मोबाइलवर ढगावर बोट टेकवा आणि उजेड थोडा खाली ओढा. सावलीतला तपशील नंतर बराचसा वर आणता येतो. पूर्ण पांढऱ्या झालेल्या ढगातून काहीच परत येत नाही.

मात्र सावल्या किती उजळायच्या, यालाही मर्यादा हवी. मी एक साधी कसोटी लावतो: पाण्यातलं आभाळाचं प्रतिबिंब खऱ्या आभाळापेक्षा उजळ दिसायला लागलं, की समजावं, आपण जास्त ओढलं. निसर्गात तसं होत नाही.

माझ्या मते खरा प्रश्न तंत्राचा नाहीच. दिवाडी बेटावर भातकापणीच्या वेळी सूर्यास्त टिपला, तर शेतात वाकलेल्या बायका सहज काळ्या आकृत्या होऊन जातात. चित्र सुंदर दिसतं, पण ज्यांच्या हातांनी ते शेत उभं राहिलं, त्यांचे चेहरे त्यात उरत नाहीत. कधी ती छायाकृतीच हवी असते, तेव्हा ती जरूर घ्यावी. फक्त तो निर्णय आपण घ्यावा, कॅमेऱ्याच्या ऑटो मोडवर सोडू नये. म्हणून बटण दाबण्याआधी एवढं स्वतःला विचारा: या फोटोत मला कोण दिसायला हवं आहे?