नऊ वर्षं कपाटात

बँकेत असताना रात्रीचा ताळा जुळला नाही की आमच्या शाखेत एक रिवाज होता. ज्याने खतावणी लिहिली त्याने ती तपासायची नाही. स्वतःची चूक स्वतःच्या डोळ्यांना दिसत नाही. शेजारच्या टेबलावरचा माणूस ती चहा संपायच्या आत शोधतो. फरक नऊने भागला गेला तर कुठेतरी ४५ चे ५४ झाले असावेत, हेही मला अशाच एका शेजाऱ्याने शिकवले. निवृत्तीनंतर कादंबऱ्या लिहू लागलो तेव्हा हा शेजारी फार आठवला.

१८९७ च्या पुण्यातल्या प्लेगवर लिहीत होतो. जुने अंक चाळायला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जायचो. तिथल्या ग्रंथपाल मॅडम मला काका म्हणतात. आपण काहीतरी अर्धवट विचारावे आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन बांधीव खंड, कागदाच्या खुणा घालून तयार! कितीतरी प्रबंधांच्या ऋणनिर्देशात त्यांचे नाव आहे. एकदा सहज विचारले, "तुमचा स्वतःचा प्रबंध कुठवर आला?"

"कपाटात आहे, काका. नऊ वर्षं."

विषय ऐका. पुस्तकाच्या मागे परतीच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असायची ना, त्या चिठ्ठ्यांवरून पन्नास वर्षांत विद्यार्थी काय वाचत आले, ते शोधायचे. संगणक आला आणि चिठ्ठ्यांवर शिक्के पडणे थांबले. जुनी, फाटकी पुस्तके आता निर्लेखनाच्या यादीत आहेत. पुस्तक रद्दीत गेले की पुरावाही गेला. प्राध्यापकांना सुट्ट्या असतात, ग्रंथालय मात्र परीक्षेतही उघडे आणि सुट्टीतही. पदोन्नतीच्या वेळी पीएच.डी. मोजली जाते, आणि तरी एका वरिष्ठांनी त्यांना विचारलेच होते, ग्रंथपालाला संशोधन हवे कशाला?

अखेर सोबत मिळाली ती समदुःखी मंडळींची. वेगवेगळ्या महाविद्यालयांतले पाच ग्रंथपाल. एक अभियांत्रिकीचे, एक कृषीचे. दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात. प्रत्येकाने दोन पाने लिहून आणायची. लिहिली नसतील तर का लिहिली नाहीत त्याची दोन पाने आणायची! पोहे नंतर. एकांना संख्याशास्त्र येते, ते सगळ्यांची कोष्टके तपासतात. दुसऱ्या बाईंचा लेख दोनदा परत आला होता. पैसे घेऊन वाट्टेल ते छापणारी नियतकालिके कोणती, हे आता त्यांना तोंडपाठ आहे.

मला बोलावतात ते "म्हणजे काय?" एवढेच विचारायला, कारण मी ग्रंथपाल नाही. याला त्यांच्याकडे दाखला थेट रंगनाथनांचा. गणित शिकवणारे हे गृहस्थ १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९२८ मध्ये या शास्त्राची मूलतत्त्वे थोडक्या शब्दांत बसवताना ते अडले होते. तेव्हा त्यांचे गणिताचे जुने गुरू प्रा. एडवर्ड रॉस यांनी पहिला सिद्धांत सुचवला, ग्रंथ उपयोगासाठी आहेत. मग पुढचे चार आले, आणि १९३१ मध्ये पुस्तक झाले. अडलेल्या माणसाकडे संध्याकाळी कुणी डोकावले नसते तर? असो.

मॅडमची आता अडतीस पाने झाली आहेत. निर्लेखनाच्या समितीची बैठक पुढच्या महिन्यात आहे, म्हणून मागच्या रविवारी पाचही जण पोहे आटोपून ग्रंथालयात गेले आणि दिवेलागणीपर्यंत चिठ्ठ्यांचे फोटो काढत बसले. मी कपाट क्रमांक लिहून घेत होतो. एका ठिकाणी मॅडमनी ६३ चे ३६ केलेले मला सापडले, तेव्हा अगदी शाखेत असल्यासारखे वाटले.

निघताना त्या म्हणाल्या, "काका, तुमची दोन पानं?"

माझे अकरावे प्रकरण आठ महिने अडकले आहे, हे त्यांना कुणी सांगितले कोण जाणे. पिशवीतून कागद काढले. चष्मा नेमका घरी राहिला होता. वाचायला त्यांच्याच हाती द्यावे लागले.