पहिल्या सामन्यांवरून खेळाडू जोखताना

अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो. पण त्याआधीच्या सराव सामन्यांवरूनच चाहते नव्या खेळाडूंवर शिक्के मारू लागतात. ही घाई टाळावी. २००६ मध्ये डेव्हिडसन कॉलेजकडून पदार्पण करताना स्टीफन करीने तब्बल १३ वेळा चेंडू गमावला; लगेच पुढच्या सामन्यात मिशिगनविरुद्ध त्याने ३२ गुण केले. एका सामन्यात खेळाडूच्या वाट्याला जेमतेम दहा-बारा शॉट येतात. त्यातले दोन इकडचे तिकडे झाले की टक्केवारी पार बदलते. शिवाय प्रतिस्पर्धी अनेकदा दुबळा असतो आणि प्रशिक्षक वेगवेगळ्या जोड्या आजमावत असतात. मग हे सामने पाहण्यात अर्थच नाही का? नक्कीच आहे. गुणफलक बाजूला ठेवून बचावात पाय किती झटपट हलतात, चेंडू हाती नसताना खेळाडू कुठे धावतो, हे पाहावे. नेम एखाद्या दिवशी चुकतो. या सवयी मात्र सहसा टिकतात.