टोळ आणि लाखेचा किडा

मे २०२० मध्ये टोळधाड मंदसौर-नीमचच्या बाजूने आपल्या माळव्यात उतरली आणि महिना सरण्याआधी अमरावती, नागपूरपर्यंत पोहोचली. थाळ्या, डबे बडवीत शेतात उभे राहिलेले शेतकरी आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. हैदराबादच्या लाड बाजारात लाखेच्या बांगड्या घेताना मात्र त्याही एका किड्याच्याच आहेत, हे कुणाच्या मनातही येत नाही. दोघेही झाडावरच जगणारे; साम्य जवळजवळ तेथेच संपते.

टोळाचे तोंड कात्रीसारखे. तो पान कुरतडतो आणि जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके, म्हणजे सुमारे दोन ग्रॅम, रोज खातो. एकट्याची ही भूक नगण्यच. पण पावसानंतर वाळवंटात पिल्ले फार झाली, हिरवळ आटू लागली, की ती एका जागी गोळा होतात. मागच्या पायांना सतत शेजाऱ्याचा धक्का लागला की काही तासांतच एकलकोंडा टोळ समूहाकडे ओढला जातो. पुढे त्याचा रंगही पालटतो. एकटा टोळ आणि धाडीतला टोळ या दोन जाती नव्हेत, एकाच जातीची दोन रूपे आहेत, हा विचार १९२१ साली उवारोव्ह यांनी मांडला. धाड वाऱ्याबरोबर दिवसाला दीडशे किलोमीटरही जाते.

लाखेच्या किड्याला तोंडाऐवजी सुई आहे म्हणा. पळस, बोर किंवा कुसुमाच्या कोवळ्या फांदीवर मिलिमीटरहूनही लहान तांबडे पिल्लू जागा शोधते, सालीत सुई खुपसते आणि रस ओढू लागते. मादीचे पुढे पाय गळतात, डोळे जातात. मरेपर्यंत ती तेथून हलत नाही. अंगातून झरणाऱ्या राळेचे घर तिच्याभोवती साचत जाते. तीच लाख. लाक्षागृहापासून टपालाच्या मोहरेपर्यंत आणि जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्यांपर्यंत आपण ती वापरली.

एकाला शत्रू आणि दुसऱ्याला मित्र ठरविणे सोपे आहे, पण तो हिशेब आपला, झाडाचा नव्हे. लाखेचे कीटक दाटीने बसले की फांदी वाळते. म्हणूनच जाणता लाख-उत्पादक सगळी झाडे एकदम वापरीत नाही. एक पीक निघाले की त्या झाडाला तो विसावा देतो, आणि बियाण्याच्या लाखकांड्या दुसऱ्या झाडावर नेऊन बांधतो.