ई-सिम का अडते?

सिम कार्ड काढून त्याऐवजी ई-सिम घ्यावे, असे आता पुष्कळांना वाटते. काहींना ते घेण्यावाचून पर्यायच उरत नाही. २०२५ मध्ये आलेल्या आयफोन एअरला कार्ड घालायची खाचच नाही. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमधून ती २०२२ साली, म्हणजे आयफोन १४ पासून, नाहीशी झाली. त्यामुळे तिकडे शिकणाऱ्या भाचीने सुट्टीत आणलेला फोन हाती आला, की घरोघरी एकच प्रश्न निघतो : आता यात आपला जुना नंबर कसा घालायचा?

बहुतेकांचे काम दहा मिनिटांत होते. ज्यांचे होत नाही, त्यांना शेजारी, दुकानदार आणि मुले एकच सल्ला देतात : 'सगळे डिलीट करा आणि पहिल्यापासून करा.' संगणकाच्या बाबतीत हा सल्ला अनेकदा लागू पडतो. ई-सिमच्या बाबतीत मात्र याहून महागात पडणारा सल्ला नाही. तो का, हे कळण्यासाठी सिममध्ये नेमके असते काय, ते आधी पाहू.

सिम कार्डात आपला फोन नंबर असतो, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात नंबर कोणाचा, याची खरी नोंद कंपनीच्या संगणकात असते. कार्डात महत्त्वाच्या गोष्टी दोनच. एक, १५ अंकी ग्राहक ओळख क्रमांक. भारतात तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो. दुसरी, १२८ बिटांची एक गुप्त किल्ली. १२८ बिटांच्या एकूण किल्ल्या किती होतील? ३४ लिहून त्यापुढे ३७ शून्ये द्यावीत, साधारण तितक्या. ही किल्ली दोनच ठिकाणी असते : कार्डात आणि कंपनीकडे. कंपनीच्या नोंदवहीत 'अमुक नंबर म्हणजे तमुक ओळख क्रमांक' अशी जोडी लिहिलेली असते. आपण हरवलेल्या कार्डाऐवजी नवे कार्ड घेतो तेव्हा नंबर तोच राहतो. मागचा ओळख क्रमांक आणि किल्ली मात्र बदलते.

किल्ली हवेतून कधीच पाठवली जात नाही, ही या योजनेतील सुंदर गोष्ट आहे. मग कंपनीला फोनची खात्री कशी पटते? हे वर्गात करून दाखवता येते. दोन मुलांनी ३७ ही दोन अंकी संख्या गुपचूप ठरवावी. एक मुलगा 'कंपनी', दुसरा 'सिम'. कंपनीने मोठ्याने एक संख्या पुकारावी, समजा ५२. सिमने ५२ ला ३७ ने गुणावे आणि आलेल्या १९२४ चे शेवटचे दोनच अंक सांगावेत : २४. कंपनी स्वतः तोच गुणाकार करते आणि उत्तर जुळले की प्रवेश देते. आता बाकीच्या वर्गाला गुपित शोधायला सांगावे. थोड्या खटपटीने मुलांना चार संख्या सापडतील : १२, ३७, ६२ आणि ८७. कंपनीने पुन्हा ६१ पुकारले आणि सिमने ५७ असे उत्तर दिले, की चारपैकी ३७ एवढीच उरते. म्हणजे आपले कुलूप दोन प्रश्नांत फुटले! खऱ्या सिममध्ये गुणाकाराऐवजी फार गुंतागुंतीची क्रिया असते. तिथे हवेतली लाखो प्रश्नोत्तरे ऐकली तरी किल्लीचा माग लागत नाही.

सिमचे पहिले कार्ड १९९१ साली म्युनिकच्या गिझेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने फिनलंडच्या रेडिओलिन्या या दूरध्वनी कंपनीसाठी बनवले. ते बँकेच्या कार्डाएवढे होते. पुढे ते लहान लहान होत १२.३ गुणिले ८.८ मिलिमीटरवर आले. कमी होत गेले ते मुख्यतः प्लास्टिक. काम करणारी चिप पहिल्यापासूनच इवलीशी होती. ई-सिममध्ये प्लास्टिक पूर्णच गेले आणि चिप फोनच्या आत कायमची बसवली गेली. आता कार्ड दुकानातून आणायचे नाही, तर कार्डातला मजकूर, म्हणजे ओळख क्रमांक, किल्ली आणि कंपनीच्या सूचना, इंटरनेटवरून त्या चिपमध्ये उतरवून घ्यायचा. या मजकुराला प्रोफाइल म्हणतात. तो असा कुलूपबंद करून पाठवतात की ठरलेल्या एका चिपलाच तो उघडता यावा. आपला फोनसुद्धा तो वाचू शकत नाही. तो फक्त हमालासारखा पेटी वाहून नेतो.

आता 'डिलीट करा' या सल्ल्याकडे पाहू. प्रोफाइल पुसले की त्या चिपमधली किल्ली नष्ट होते. आपल्याकडचा क्यूआर कोड बहुधा एकदाच चालणारा असतो, कारण एकच किल्ली दोन फोनांत असणे कंपनीला परवडणार नाही. जुने प्लास्टिकचे कार्ड तर केव्हाच मृत झालेले असते. मग हाती ना कार्ड, ना ई-सिम. ज्या नंबरवर बँकेचे, आधारचे आणि शाळेच्या पोर्टलचे ओटीपी येतात, तो नंबर मिळवण्यासाठी ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानात जावे लागते. तालुक्याचे गाव तीस किलोमीटरवर असेल आणि परीक्षेचे अर्ज भरायची मुदत उद्या संपत असेल, तर ही गंमत राहत नाही.

त्यापेक्षा प्रयोगशाळेतली पद्धत बरी : एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि साखळी कुठल्या कडीवर तुटली ते शोधायचे. फोनवर 'काहीतरी चुकले, पुन्हा प्रयत्न करा' एवढाच संदेश येतो, त्याचा उपयोग नाही. हा संदेश लिहिणाऱ्याने एकदा तरी अडलेल्या माणसाच्या जागी बसून पाहावे, असे आम्हाला नेहमी वाटते.

पहिली कडी म्हणजे फोन. *#०६# हे आकडे दाबले की पडद्यावर १५ अंकी आयएमईआय दिसतो. त्याबरोबर ३२ अंकी ईआयडी दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची चिप आहे. ईआयडी नसेल तर पुढची सगळी खटपट व्यर्थ. जाहिरातीत त्याच नावाच्या फोनला ई-सिम आहे, हा पुरावा पुरेसा नाही. उदाहरणार्थ, आयफोन १६ पर्यंतचे चीनमध्ये विकले गेलेले बरेच आयफोन ई-सिमशिवाय, दोन प्लास्टिक कार्डांचे आहेत. परदेशातून आणलेला फोन तिथल्या कंपनीशी बांधलेला असेल, तर चिप असूनही इथले प्रोफाइल चालत नाही. हे बंधन मूळ कंपनीच सोडवू शकते.

दुसरी कडी आकड्यांची. मागणी नोंदवताना काही वेळा हा ३२ अंकी ईआयडी हाताने लिहावा लागतो आणि तिथेच चूक होते. गणिताच्या शिक्षकांना इथे एक छान खाऊ आहे. ईआयडीचे शेवटचे दोन अंक पडताळणीसाठी असतात. संपूर्ण ३२ अंकी संख्येला ९७ ने भागले तर बाकी १ उरली पाहिजे. लहान उदाहरण घेऊ. मूळ अंक १२३४. त्यापुढे दोन शून्ये देऊन १२३४०० ला ९७ ने भागले तर बाकी १६. ९८ मधून १६ वजा केले की ८२. म्हणून पूर्ण संख्या १२३४८२, आणि तिची ९७ ने भागल्यावरची बाकी १. आता ३ आणि ४ ची अदलाबदल करून १२४३८२ घ्या. बाकी २८ येते. चूक पकडली गेली. एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटे झाले, तर ही कसोटी ते हटकून पकडते. ३२ अंकांचा भागाकार लांबतो, पण बाकी पुढे नेत तुकड्यातुकड्याने केला तर फळ्यावर मावतो.

पुढे येतो क्यूआर कोड. त्यात प्रोफाइल असते, असे अनेकांना वाटते. ते चूक आहे. त्यात फक्त एक पत्ता असतो, कुठल्या संगणकाकडे जायचे तो, आणि सोबत एक सांकेतिक शब्द, कुठली पेटी मागायची तो. कोट ठेवायला दिल्यावर मिळणाऱ्या बिल्ल्यासारखे हे आहे. म्हणून कोडचे छायाचित्र कोणाला पाठवू नये. बिल्ला दाखवणाऱ्याला कोट मिळतो. कोड ज्या फोनवर ईमेलने आला त्याच फोनने तो कसा टिपायचा, हा नेहमीचा पेच. त्यासाठी दुसऱ्या पडद्यावर उघडावा, छापून घ्यावा, किंवा सेटिंग्जमध्ये पत्ता आणि शब्द हाताने भरायची सोय असते ती वापरावी.

पेटी आणायची तर इंटरनेट हवे. ज्या फोनला नेटवर्क मिळवायचे आहे, त्यालाच ते आणण्यासाठी आधी नेटवर्क लागते! घरचे वाय-फाय किंवा दुसऱ्याच्या फोनचा हॉटस्पॉट उत्तम. शाळा-कॉलेजांच्या वाय-फायवर पुष्कळदा काही पत्ते अडवलेले असतात. तिथे प्रोफाइल उतरत नसेल, तर बाकी काही न बदलता फक्त जोडणी बदलून पाहावी. दुसरे न सुचणारे कारण म्हणजे फोनची तारीख. पेटी देणारा संगणक आपले प्रमाणपत्र दाखवतो आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. फोनचे घड्याळ दोन वर्षे मागे असेल, तर त्याच्या हिशेबाने ते प्रमाणपत्र अजून जन्मलेलेच नसते, आणि तो ते नाकारतो. कपाटात पडून राहिलेल्या जुन्या फोनमध्ये हे हमखास घडते. तारीख आपोआप घेण्याचा पर्याय चालू केला की काम होते. पेटी उतरत असताना जोडणी तुटली, तर त्याच फोनवर, त्याच कोडने पुन्हा प्रयत्न करावा. 'दुसऱ्या फोनवर करून बघू' हे टाळावे, कारण पेटी एकदा एका चिपच्या नावाने बांधली गेली की दुसरीला मिळत नाही.

प्रोफाइल उतरले, यादीत कंपनीचे नाव दिसते, पण सिग्नलच्या रेघा नाहीत. अशा वेळी लोकांचा हात डिलीटकडे जातो, आणि नेमका इथेच तो आवरायला हवा. प्रथम ती लाइन चालू केलेली आहे का ते पाहावे. उतरवणे आणि चालू करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. चालू असेल, तर बहुधा आपल्या हातात काही नाही. कंपनीच्या नोंदवहीत आपल्या नंबरपुढचा जुना ओळख क्रमांक खोडून नवा लिहिला जायचा आहे. याला काही मिनिटे किंवा काही तास लागतात. जुने कार्ड जवळ असेल तर त्यावरून अंदाज येतो. जुन्या कार्डावर अजून फोन लागत असेल, तर नोंद बदललेली नाही, थांबावे. जुने कार्ड बंद पडले आणि नवेही चालत नाही, तर फोन बंद करून पुन्हा सुरू करावा, म्हणजे तो नव्याने नेटवर्ककडे हजेरी लावतो. तरीही तसेच राहिले तर कंपनीला कळवावे. बोलणे होते पण इंटरनेट चालत नाही, हा प्रकार वेगळा. तिथे किल्ली, नोंद सगळे ठीक असते. दोन लाइनींपैकी डेटासाठी कुठली निवडली आहे, एवढेच पाहावे.

फोन दुरुस्तीला देताना किंवा विकताना 'सर्व मजकूर पुसा' करतो, तेव्हा ई-सिमही पुसायचे का, असे बरेच फोन विचारतात. दुरुस्तीसाठी असेल तर 'नाही' म्हणावे. फोनचा पडदा फुटला तर प्लास्टिकचे कार्ड काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता यायचे. ई-सिमचे तसे नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. ज्यांच्याकडे एकच फोन आणि एकच नंबर आहे, त्यांनी फोन चालत असताना उगाच ई-सिमकडे वळू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेवटची तक्रार अशी : 'फोन लागतो, इंटरनेट चालते, पण एकही ओटीपी येत नाही.' इथे काहीच बिघडलेले नसते. सिम बदलले की पहिले २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद ठेवावेत, असा आदेश दूरसंचार विभागाने २०२२ साली कंपन्यांना दिला. ई-सिम घेणे हेही सिम बदलणेच आहे. हा नियम चोरासाठी आहे. १२८ बिटांची किल्ली कोणी फोडत नाही. त्याऐवजी चोर कंपनीचा माणूस असल्याचे भासवून फोन करतो, आपल्याकडून एक ओटीपी किंवा 'होकार' मिळवतो, आणि वर सांगितलेली सगळी साखळी स्वतःच्या फोनवर पूर्ण करतो. आपला सिग्नल अचानक जातो, शेजारच्याचा त्याच कंपनीचा फोन मात्र चालू असतो. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चोराला बँकेचे ओटीपी लगेच मिळू नयेत म्हणून तो एक दिवस मध्ये ठेवलेला आहे. सिम बदलल्यापासून सात दिवस नंबर दुसऱ्या कंपनीकडे नेता येत नाही, हा १ जुलै २०२४ पासूनचा नियमही त्यासाठीच. आपण सिम बदलायला सांगितलेले नसताना सिग्नल गेला, तर त्या दिवसातले तास मोलाचे असतात : दुसऱ्या फोनवरून आधी कंपनीला सांगून नंबर बंद करावा, मग बँकेला कळवावे, आणि पैसे गेले असतील तर १९३० वर लगेच तक्रार नोंदवावी. आणि ई-सिम स्वतःहून घ्यायचे असेल, तर पुढचे दोन दिवस पगारबिल, शिष्यवृत्तीचे अर्ज किंवा बँकेचे काम नाही ना, हे आधी पाहून मगच एखाद्या शनिवारी सकाळी, चांगल्या वाय-फायजवळ बसून घ्यावे.