आठवडे किती भरले?

लेबर रूममधून फोन आला की बालरोगतज्ज्ञ म्हणून माझे प्रश्न ठरलेले असतात. आठवडे किती भरले? पाणी स्वच्छ आहे की हिरवट? जुळी आहेत का? आईला बीपी, शुगर, ताप? बाळाचे ठोके कसे आहेत? बाळ इथेच सांभाळता येईल की आईला पुढे पाठवायला हवं, हे त्यावरच ठरतं.

पहिलाच प्रश्न आपल्याकडे सर्वांत अवघड. बाई बाळंतपणाला माहेरी आलेली असते आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट सासरी. ऊसतोडीहून परतलेल्यांच्या तर तपासण्याच अर्धवट. अशाच एका मुलीला पाळीची तारीख आठवेना. सिस्टरने सणवार विचारले, तशी तिची आई म्हणाली, "गौरीला आमच्याकडंच होती. गौरी उठल्या, दुसऱ्या दिवशी बाहेर बसली." अक्षय्य तृतीया चार-पाच दिवसांवर आली होती. म्हणजे जेमतेम 32 आठवडे. कळा सुरू होत्या, पण पिशवीचं तोंड थोडंच उघडलं होतं.

डेक्सामेथासोनचं 6 मिलिग्रॅमचं इंजेक्शन लगेच दिलं. बारा-बारा तासांनी असे चार डोस आईला मिळाले की अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं श्वासासाठी तयार होऊ लागतात. चारही पूर्ण होतील का, याचा विचार करत पहिला डोस लांबवायचा नसतो. एकीकडे 108 बोलावली, दुसरीकडे जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूला, म्हणजे नवजात बाळांच्या विशेष कक्षाला, कळवलं. बाळाला न्यायला आईच्या पोटाइतकी सुरक्षित गाडी नाही. जन्मल्यावर तेच बाळ नेताना ऊब, साखर, श्वास, सगळंच वाटेत सांभाळावं लागतं.

वेळ नसेल तेव्हा मात्र सगळं इथेच. वॉर्मर आधी तापवायचा, कपडे त्याखाली गरम ठेवायचे. अंबू बॅग हातात घेऊन मास्क तळव्यावर दाबून धरायचा आणि बॅग दाबायची. तळव्याला दाब जाणवला पाहिजे, जोर वाढवला की व्हॉल्व्ह उघडला पाहिजे. ही तपासणी प्रत्येक बाळंतपणाआधी, मग बाळ कितीही निरोगी अपेक्षित असो. कारण दहांतल्या साधारण एका बाळाला श्वास घ्यायला काही ना काही मदत लागते आणि त्यातली काही पूर्ण दिवसांची, कसलीही जोखीम नसलेली असतात. व्हर्जिनिया अपगार यांनी 1953 साली मांडलेले गुण पहिल्या मिनिटाला मोजतात. पण त्यांची वाट पाहायची नसते; श्वास न घेणाऱ्या बाळाला बॅगने हवा त्या मिनिटाच्या आतच सुरू व्हायला हवी.

पाठवलेल्या आईबरोबरच्या चिठ्ठीत अनेकदा नुसतं 'पुढील उपचारासाठी' एवढंच असतं. त्याऐवजी आठवडे, ते कशावरून काढले, इंजेक्शनची वेळ आणि निघतानाचे ठोके लिहावेत. इंजेक्शनची वेळ लिहिलेली नसली की दुसरा डोस चुकतो किंवा पहिलाच पुन्हा दिला जातो.