युवा सहभाग : न्यूयॉर्कचा ठराव आणि भिवंडीचा मोहल्ला

आंतरराष्ट्रीय युवा धोरण ही संज्ञा भारदस्त असली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न साधा आहे : ज्या निर्णयांचे परिणाम तरुणांना सर्वाधिक काळ भोगावे लागतात, ते निर्णय घेताना त्यांना विचारले जाते का, आणि विचारलेच तर निर्णयाच्या आधी की नंतर? संयुक्त राष्ट्रांनी 1985 हे आंतरराष्ट्रीय युवा वर्ष म्हणून पाळले तेव्हा सहभाग, विकास आणि शांतता ही तीन सूत्रे त्यापुढे ठेवली, आणि आकडेवारीच्या सोयीसाठी 15 ते 24 या वयोगटाला युवा मानले. भारत सरकारने 1984 मध्येच स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस, म्हणजे 12 जानेवारी, हा राष्ट्रीय युवा दिन म्हणून जाहीर केला होता. त्यापाठोपाठ 1988 मध्ये देशाचे पहिले राष्ट्रीय युवा धोरण आले. 2003 च्या धोरणाने 13 ते 35, तर 2014 च्या धोरणाने 15 ते 29 हे वय ग्राह्य धरले, आणि या दुसऱ्या मोजणीनुसार देशातील 27.5 टक्के लोकसंख्या युवा ठरली. वयाच्या या रेषा दिसायला कोरड्या असल्या, तरी कोणती योजना कोणापर्यंत पोहोचणार हे त्यांच्यावरच ठरते.

या क्षेत्रात भारताची भूमिका प्रामुख्याने यजमानाची आणि संघटकाची राहिली आहे. राष्ट्रकुल परिषदेच्या युवा कार्यक्रमाचे आशियाई केंद्र अनेक वर्षे चंदीगडला होते. जी-20 चे अध्यक्षपद भारताकडे असताना 2023 मध्ये तरुणांच्या वाय-20 या गटाची शिखर बैठक वाराणसीला झाली, आणि तिच्या पूर्वतयारीची चर्चासत्रे देशभरच्या विद्यापीठांत भरवण्यात आली. देशांतर्गत पातळीवर 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधी जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतून सुरू झालेली राष्ट्रीय सेवा योजना आणि 1972 पासूनची नेहरू युवा केंद्रे ही या धोरणाची दोन मोठी अंगे होत. सेवा योजनेत विद्यार्थ्याने दोन वर्षांत 240 तास काम करावे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात राहावे अशी अपेक्षा असते. इतक्या मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांना गावा-वस्त्यांत नेणारी व्यवस्था उभी करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. मात्र तिच्या नावातच तिची मर्यादाही आहे, कारण तिच्यात तरुणाकडे सेवा मागितली जाते, मत क्वचितच. रॉजर हार्ट या अभ्यासकाने 1992 मध्ये युनिसेफसाठी लिहिताना बालक आणि तरुणांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्या खालच्या तीन पायऱ्यांना, जिथे तरुणांचा केवळ वापर होतो, त्यांना शोभेपुरते उभे केले जाते किंवा नावापुरते बोलावले जाते, त्याने सहभाग मानायलाच नकार दिला. या शिडीवर आपल्याकडील बहुतेक युवा महोत्सव कुठे बसतील, हे सांगण्याची गरज नाही.

हे सारे एखाद्या शहरात उतरते तेव्हा काय होते, हे पाहण्यासाठी भिवंडीइतके उद्बोधक ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. यंत्रमाग आणि गोदामे यांवर जगणारे, 2011 च्या जनगणनेत सात लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदवणारे हे ठाणे जिल्ह्यातील शहर मे 1970 आणि मे 1984 अशा दोन भीषण दंगलींमुळे देशाला ठाऊक झाले. पहिल्या दंगलीची चौकशी न्यायमूर्ती मादन आयोगाने केली. दुसरीची झळ ठाणे आणि मुंबईपर्यंत पोहोचली. अशा शहरात तरुण म्हणजे संभाव्य दंगेखोर, सणावाराच्या आधी ज्याच्यावर नजर ठेवायची तो, अशी प्रशासनाची दृष्टी घडत जाणे स्वाभाविक होते. सुरेश खोपडे यांनी 1988 मध्ये भिवंडीचे पोलीस उपायुक्त म्हणून सूत्रे घेतल्यानंतर मोहल्ला कमिट्यांचा जो प्रयोग केला, त्याने ही दृष्टी उलटी फिरवली. वस्तीवस्तीत हिंदू आणि मुस्लिम रहिवाशांची समान संख्येची समिती नेमायची, तिच्यात पुढाऱ्यांऐवजी तिथे रोज वावरणारी सामान्य माणसे घ्यायची, त्या भागाच्या पोलिसाने तिच्याशी नियमित संबंध ठेवायचा आणि नळावरच्या, गल्लीतल्या किरकोळ भांडणांना धार्मिक रंग चढण्याआधीच ती मिटवायची, असे त्या प्रयोगाचे स्वरूप होते. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबईत सुमारे 900 माणसे मारली गेली, त्या काळात भिवंडी शांत राहिली. शांततेचे सगळे श्रेय एकाच कारणाला देणे धाडसाचे ठरेल, कारण दोन दंगलींत माग बंद पडल्याने झालेले नुकसान मालक आणि कामगार दोघांच्याही स्मरणात होते. तरीही अफवेला वस्तीतच उत्तर देणारी, एकमेकांना नावाने ओळखणारी माणसे आधीपासून बांधून ठेवलेली होती, ही गोष्ट दुय्यम ठरत नाही.

यानंतर बावीस वर्षांहून अधिक काळाने, 9 डिसेंबर 2015 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने जॉर्डनच्या पुढाकाराने ठराव क्रमांक 2250 एकमताने संमत केला. युवा, शांतता आणि सुरक्षितता या विषयावरील हा पहिला ठराव 18 ते 29 वयाच्या व्यक्तींना युवा मानतो आणि सहभाग, संरक्षण, प्रतिबंध, भागीदारी, तसेच संघर्षातून बाहेर पडलेल्यांचे पुनर्वसन अशी पाच क्षेत्रे सांगतो. तरुण हा हिंसेचा बळी किंवा हिंसा करणारा एवढाच नसून शांततेचा कर्ताही असू शकतो, हे त्याचे सार आहे. मार्च 2023 मध्ये पुण्याच्या सिंबायोसिस विद्यापीठात वाय-20 चे जे चर्चासत्र झाले, त्याचा विषयही शांतता आणि सलोखा हाच होता. प्रतिबंध आणि भागीदारी या दोन क्षेत्रांतला धडा भिवंडीने ठरावापूर्वीच गिरवला होता, असे म्हणता येते. मात्र सहभागाच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही, कारण मोहल्ला कमिटी ही पोलिसांनी जन्माला घातलेली व्यवस्था होती आणि अधिकारी बदलला की तिचा जोर ओसरण्याचा धोका तिच्या रचनेतच होता.

टिकाऊ सहभाग कायद्यातून येतो, आणि तिथे चित्र विसंगत आहे. 61 व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आणले आणि ते 1989 पासून अमलात आले. महापालिकेची निवडणूक 21 व्या वर्षी, तर लोकसभेची 25 व्या वर्षी लढवता येते. म्हणजे नगरसेवकपद हे तरुणासाठी सत्तेचे सर्वांत जवळचे दार ठरते. पण भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिकेची निवडणूक मे 2017 मध्ये झाल्यानंतर, सभागृहाची मुदत 2022 मध्ये संपली तरी नवी निवडणूक पुढची काही वर्षे झाली नाही आणि राज्यातील इतर अनेक महापालिकांप्रमाणे तिथेही कारभार प्रशासकाकडे गेला. जून 2017 मध्ये अठरा वर्षे पूर्ण केलेल्या भिवंडीकराला 2019 आणि 2024 मध्ये खासदार आणि आमदार निवडता आले, परंतु गल्लीतील गटार आणि पाणी यांचा निर्णय घेणारा नगरसेवक मात्र त्या वर्षांत निवडता आला नाही. महाविद्यालयांतही हेच घडले : हिंसाचारामुळे 1994 मध्ये राज्यात विद्यार्थी संघाच्या खुल्या निवडणुका बंद करण्यात आल्या, 2016 च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने त्या पुन्हा मान्य केल्या, आणि 2019 मध्ये त्या जाहीर होऊनही पुढे ढकलण्यात आल्या. त्यामुळे शहरातील बी. एन. एन. महाविद्यालयात किंवा जी. एम. मोमीन महिला महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला श्रमदानाची संधी आहे, मतपेटीची नाही.

याहून मोठा गट महाविद्यालयाच्या बाहेर आहे. उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून आलेला, बारा तासांच्या पाळीत माग चालवणारा किंवा गोदामात माल उतरवणारा तरुण कोणत्याही धोरणाच्या वयोमर्यादेत चपखल बसतो, पण सेवा योजनेला लागणारे महाविद्यालय त्याच्यापाशी नसते, चर्चासत्राला जायला सुटी नसते, आणि मतदारयादीतील नाव अनेकदा गावाकडेच राहिलेले असते. ते इथे नोंदवायचे तर सर्वसाधारण निवासाचा पुरावा लागतो, आणि भाडेकरार नसलेल्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगाराला तो मिळवताना घरमालकाच्या आणि माग-मालकाच्या मर्जीवर अवलंबून राहावे लागते.