अम्मींचा चष्मा आणि रक्ताचा रिपोर्ट

अम्मी सुईत दोरा ओवायला नातीला हाका मारू लागल्या, तेव्हा आम्ही घरातल्या सगळ्यांनी ‘नंबर वाढला असेल’ असंच धरून चाललो. चष्मा बदलून दिला. चार महिन्यांनी त्या म्हणाल्या, तिलावत करताना ओळी मधेच वाकड्या दिसतात. मग डोळ्यांत थेंब टाकून पडदा तपासला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो डोळ्यांचा नव्हताच. “साखर शेवटची कधी तपासली होती?”

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. रमजानच्या आधी तपासली होती, पण मागच्या नव्हे, त्याच्याही आधीच्या.

आपल्या शरीरात डोळ्याचा पडदा ही अशी जागा आहे जिथे चिरफाड न करता रक्तवाहिन्या थेट पाहता येतात. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५१ मध्ये त्यासाठीचं उपकरण पुढे आणलं, आणि तेव्हापासून डॉक्टर या खिडकीतून आत डोकावत आले आहेत. या वाहिन्या फार बारीक असतात. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की त्यांच्या भिंती कमकुवत होतात. कुठे पाझर सुटतो, कुठे वाहिनी बंद पडते. मग रक्ताला तहानलेला पडदा नव्या वाहिन्या उगवतो, पण त्या इतक्या नाजूक असतात की सहज फुटतात. यात काहीच दुखत नाही. म्हणूनच मधुमेह असलेल्याने नजर चांगली असली तरी वर्षातून एकदा पडदा दाखवायला हवा.

साखर सांभाळल्याने फरक पडतो, हे अमेरिका आणि कॅनडातल्या एका मोठ्या अभ्यासाने १९९३ मध्ये दाखवलं. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, ज्यांचा पडदा सुरुवातीला निरोगी होता, त्यांच्यात साखर काटेकोर ठेवल्यावर पडद्याच्या आजाराचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. ब्रिटनमध्ये १९९८ साली दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात रक्तदाब नीट ठेवला, तेव्हा पडदा आणखी बिघडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी झालं. आपल्या घरांत साखरेची चर्चा होते, बीपीची मात्र ‘थोडं वर आहे’ एवढीच.

अम्मींच्या रिपोर्टमध्ये आणखी एक गोष्ट निघाली, तिने आम्ही चकित झालो. बी-१२ कमी. मांसाहारी घरात? पण दस्तरखानावर गोश्त असतं म्हणून ते प्रत्येकाच्या रक्तात पोहोचतं असं नाही. अम्मी स्वतः रश्शात रोटी बुडवून खातात आणि बोटी मुलांच्या ताटात सरकवतात. शिवाय मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं चालली की बी-१२ नीट शोषलं जात नाही. ॲसिडिटीच्या रोजच्या गोळ्यांनीही तेच होतं.

बी-१२, फोलेट आणि बी-६ कमी पडलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं. ते वाहिन्यांच्या आतल्या अस्तराला त्रास देतं, आणि पडद्यातली शीर तुंबलेल्या रुग्णांत ते जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत. पुणे आणि परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात ६७ टक्के जणांचं बी-१२ कमी होतं आणि ५८ टक्के जणांचं होमोसिस्टीन वाढलेलं. तेव्हा हा प्रश्न परक्या मुलखातला नाही.

मात्र गोळीने होमोसिस्टीन उतरवलं म्हणजे डोळा वाचला, असं सिद्ध झालेलं नाही. आणि बी-१२ न तपासता नुसतं फॉलिक ॲसिड खात राहणं तर धोक्याचं. रक्तक्षय झाकला जातो, नसांचं नुकसान आतल्या आत सुरू राहतं. ‘ड’ जीवनसत्त्वाचंही असंच. पडद्याचा आजार असलेल्यांत ते कमी सापडतं, पण कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरलेलं नाही. ते मनाने भरमसाट घेतलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडतात.

माशांबद्दल बोलायला आम्हाला जास्त आवडेल. स्पेनमध्ये मधुमेह असलेल्या मध्यमवयीन आणि वृद्ध लोकांवरचा अभ्यास २०१६ मध्ये आला. रोज किमान ५०० मिलिग्रॅम सागरी ओमेगा-३ ज्यांच्या जेवणातून जात होतं, त्यांच्यात नजरेला धोका देणारा पडद्याचा आजार ४८ टक्क्यांनी कमी दिसला. आठवड्यातून दोनदा चरबीचा मासा खाल्ला की एवढं भरतं. कोकणातल्या आपल्या घरांना तो शोधायला कुठे जायचं नाही, बांगडा आणि तारली बाजारातले स्वस्त मासे. पापलेटचा मान मोठा, पण इथे काम बांगड्याचंच. तो तेलात बुडवून तळण्याऐवजी सालन करा.

रोजे ठेवणाऱ्या मधुमेहींनी रमजानच्या सहा-आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. साखर, बीपी आणि पडदा त्याच फेरीत तपासून होतो.

अम्मींना डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागली, बी-१२ वेगळं सुरू झालं. ओळी आता बऱ्याच सरळ दिसतात, पण पूर्ण नाही. मोठ्या अक्षरांची प्रत आणली आहे. सुईत दोरा अजून नातच ओवून देते, आणि जेवताना अम्मींच्या ताटातली बोटी आम्ही आता मोजतो.